माल चांगला, पण बसत नाही: खासगी विक्रेत्याशी परतीचा वाद कसा सोडवायचा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर हल्ली नुसतं बिघडलेलं मशीन येत नाही, सोबत एक भांडणही येतं. ऑनलाइन जाहिरात बघून कुणा अनोळखी माणसाकडून वापरलेली रॅम, एसएसडी, प्रोसेसर, वायफाय कार्ड नाहीतर चार्जर घेतलेला असतो, आणि आपल्या मशीनवर तो चालत नाही. विकणारा म्हणतो, माझ्याकडे चालत होता. घेणारा म्हणतो, मला फसवलं. गंमत म्हणजे पुष्कळदा विकणारा खरंच बोलत असतो, आणि घेणाऱ्याचं नुकसानही खरंच झालेलं असतं.

अशा वादात आधी एक गोष्ट ठरवून घ्या. तुमची तक्रार तिघांपैकी नेमकी कोणती? जाहिरातीत सांगितलं एक आणि आलं दुसरंच? की सांगितलं तेच आलं, पण खराब निघालं? की सांगितलं तेच आलं, चांगलंही आहे, फक्त तुमच्या मशीनला चालत नाही? पहिल्या प्रकारात तुमची बाजू भक्कम. दुसऱ्यात सगळा खेळ पुराव्याचा. तिसऱ्यात विनंती करण्यापलीकडे तुमच्या हातात फारसं काही नसतं, आणि नेमक्या याच प्रकारात लोक सगळ्यात मोठ्या आवाजात भांडतात. समोरच्याला आपण खोटं बोललो नाही हे ठाऊक असतं, त्यामुळे ‘फ्रॉड’ म्हटलं की तो पहिल्याच मेसेजला ब्लॉक करून मोकळा होतो.

आधी खात्री करा, मग तक्रार

वस्तू ‘चालत नाही’ म्हणून आलेल्यांपैकी काही चक्क चालतात. रॅम पूर्ण दाबून बसलेली नसते, दोन्ही बाजूंच्या क्लिपचा टक् आवाज झालेला नसतो. जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्या एकदम लावून बघितलेलं असतं. एकेक लावून, दोन्ही स्लॉटमध्ये बदलून बघितलेलं नसतं. डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमच्या मशीनमध्ये रॅम बदलल्यावर पहिल्या वेळी पडदा बराच वेळ काळा राहतो, कारण बोर्ड नव्या रॅमशी आपला ताळमेळ जुळवत असतो. लोक तेवढ्यात घाबरून बटण दाबून मशीन बंद करतात आणि पुन्हा तोच प्रकार सुरू. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ मदरबोर्डवर नवा रायझन प्रोसेसर बसवला आणि डिस्प्ले आला नाही, तर बहुतेक वेळा बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) जुनं असतं. ते अद्ययावत करायला बहुतेकदा आधीचा चालणारा प्रोसेसर लागतो, म्हणून तो विकून टाकायची घाई करू नका.

एवढं करूनही चालत नसेल, तर पुढची पायरी म्हणजे वस्तूवरचं लेबल आणि तुमच्या मशीनचं मॅन्युअल शेजारी ठेवून वाचणं. वाद इथे सुटतो. विक्रेत्याच्या मेसेजमध्ये नाही, लेबलवरच्या बारीक अक्षरांत.

सगळ्यात जास्त येणारं प्रकरण सर्व्हर रॅमचं. कंपन्यांच्या डेटा सेंटरमधून भंगारात निघालेली डीडीआर४ रॅम बाजारात स्वस्त मिळते. १६ जीबीची पट्टी, तीही निम्म्या भावात! साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये ती बसतेही, कारण दोन्हीला २८८ पिना आणि खाच एकाच जागी. पण मशीन सुरू होत नाही. ती रजिस्टर्ड रॅम असते, तिच्यावर मधे एक वेगळी चिप असते आणि साध्या बोर्डाला ती भाषा येत नाही. लेबलवर हे स्पष्ट छापलेलं असतं: ‘२आर×४ पीसी४-२१३३पी-आर’ असं काहीतरी. शेवटी ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉपची, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची. आणि मधे ‘×४’ दिसलं तर समजून जा की हा माल सर्व्हरचा. साध्या पट्टीवर तिथे ‘×८’ किंवा ‘×१६’ असतं. या दोन्ही खुणा लक्षात ठेवल्या तर फोटोवरूनच निकाल लागतो.

दुसरं ठरलेलं प्रकरण इंटेलच्या एलजीए११५१ सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसरही ११५१ आणि आठव्या-नवव्या पिढीचेही ११५१. आठव्या पिढीचा आय५-८४०० हा आधीच्या पिढ्यांसाठीच्या एच११० बोर्डवर अलगद बसतो, कूलरही लागतो, आणि काहीच होत नाही. आठव्या पिढीत इंटेलने काही पिनांची कामं बदलली, त्यामुळे तिला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो: एच३१०, बी३६० वगैरे. विकणाऱ्याने जाहिरातीत ‘सॉकेट ११५१’ असं लिहिलेलं असतं, ते शंभर टक्के खरं असतं. घेणाऱ्याने आपल्या बोर्डावर ‘११५१’ बघितलेलं असतं, तेही खरं. कुणालाच खोटं ठरवता येत नाही अशी ही भांडणं असतात.

वायफाय कार्डात आणखी बारीक गोम आहे. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही दोन्ही कार्डं एकाच स्लॉटमध्ये बसतात. एएक्स२०० ला साधा पीसीआय एक्स्प्रेस जोड पुरतो. एएक्स२०१ मात्र अर्धंच कार्ड आहे. त्याचा उरलेला भाग इंटेलच्याच ठरावीक चिपसेटच्या (बोर्डाचा कारभार बघणाऱ्या चिपच्या) पोटात असतो. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते कधीच दिसणार नाही, जुन्या इंटेलमध्येही नाही. विकणाऱ्याने आपल्या लॅपटॉपमधून चालू कार्ड काढलं, ‘वर्किंग’ लिहून विकलं, त्यात त्याचा काय दोष? जुन्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये तर कार्ड योग्य असूनही बायोसच नकार देतं. सुरू करताना १८०२ क्रमांकाचा संदेश येतो की अनधिकृत नेटवर्क कार्ड लावलं आहे. लोक तो संदेश वाचून कार्ड चोरीचं आहे असा अर्थ काढतात आणि विकणाऱ्यावर पोलिसांची भाषा सुरू करतात. तो फक्त कंपनीने बायोसमध्ये घातलेला अडसर असतो.

बाकीचे प्रकार थोडक्यात. एम.२ एसएसडी: साटाची (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) असेल आणि स्लॉट फक्त एनव्हीएमईचा (नव्या, वेगवान जोडणीचा) असेल तर ती बसते पण दिसत नाही; साटावाल्या पट्टीला बहुतेक वेळा दोन खाचा असतात. लॅपटॉपची डीडीआर३: काही मशीनना फक्त १.३५ व्होल्टची चालते, लेबलवर ‘पीसी३एल’ लागतं, नुसतं ‘पीसी३’ असेल तर ती १.५ व्होल्टची. डेलचा चार्जर: मधली बारीक पिन ओळख सांगते, ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही. लॅपटॉपचा डिस्प्ले: ३० पिनांचा की ४० पिनांचा हे बघितल्याशिवाय घेऊ नये, इंच सारखे असले म्हणून काही होत नाही.

आता या यादीकडे वादाच्या नजरेने बघा. यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वस्तू धडधाकट आहे. म्हणजे तुमची तक्रार तिसऱ्या प्रकारची. जाहिरातीत ‘डेस्कटॉप रॅम’ असं लिहून सर्व्हरची पाठवली असेल, तरच ती पहिल्या प्रकारात उडी मारते. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट सगळ्यात आधी काढा. वाद सुरू झाला की जाहिरात गायब होते.

पहिला मेसेज

साताऱ्याच्या एका मुलाने नागपूरच्या एकाकडून अठराशे रुपयांना अशीच १६ जीबीची पट्टी मागवली. दोघांचं बोलणं त्याने मला दाखवलं ते साधारण असं होतं:

‘‘भाऊ रॅम खराब आहे. पैसे परत करा.’’
‘‘टेस्ट करून पाठवलीये भाऊ. व्हिडिओ आहे माझ्याकडे.’’
‘‘मग माझ्याकडे का चालत नाही? फ्रॉड करता का?’’
‘‘सेकंडहँड माल आहे, नो रिटर्न आधीच सांगितलं होतं.’’
‘‘सायबरला कंप्लेंट टाकतो.’’
‘‘टाक.’’

इथे सगळं संपलं. आता यात खराब काय होतं? रॅम खराब नव्हती. लेबलवर ‘आर’ होता. जाहिरात उघडून बघितली तर वर ‘डीडीआर४ १६ जीबी पीसी रॅम’ असं लिहिलेलं. म्हणजे मुलाच्या हातात हुकमाचं पान होतं आणि तो भलतंच खेळत होता. ‘खराब आहे’ हे त्याला सिद्ध करता येत नव्हतं, कारण विकणाऱ्याकडे चालू असल्याचा व्हिडिओ होता. ‘पीसी रॅम म्हणून जाहिरात केली आणि सर्व्हरची पाठवली’ हे मात्र एका फोटोत सिद्ध होत होतं.

मग दुसऱ्या नंबरवरून, शांतपणे, असा मेसेज गेला:

‘‘नमस्कार. रॅम मिळाली, पॅकिंग चांगलं होतं. तुमची रॅम चालू असेल यात शंका नाही. पण लेबलवर शेवटी ‘आर’ आहे, म्हणजे ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आहे. जाहिरातीत पीसी रॅम लिहिलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट आणि लेबलचा फोटो सोबत पाठवतोय. साध्या पीसीला ती चालत नाही. मी ती आहे तशी परत पाठवतो, मिळाल्यावर आणि सीरियल नंबर जुळल्यावर पैसे परत करावेत ही विनंती. नाहीतर तुमच्याकडे साधी आठ जीबीची असेल तर तीही चालेल. कृपया दोन दिवसांत कळवा.’’

विकणाऱ्याचं उत्तर आलं, ‘‘मला हे माहीत नव्हतं. ऑफिसच्या लिलावातून लॉट घेतला होता.’’ येणंजाणं धरून कुरिअरचा खर्च मुलाने सोसला आणि बाकीचे पैसे मिळाले. प्रत्येक वेळी असं गोड होत नाही. पण त्या मेसेजमध्ये चार गोष्टी होत्या, त्या प्रत्येक वेळी असाव्यात: विकणाऱ्याला खोटारडा न म्हणणं, नेमका फरक आणि त्याचा फोटो, आधी माल मग पैसे ही तयारी, आणि परतीशिवाय दुसरा एखादा मार्ग. माणसाला माघार घ्यायला वाट ठेवली की तो घेतो.

वेळही महत्त्वाची. वस्तू हातात पडल्यावर आठ-पंधरा दिवस गप्प बसून मग तक्रार केली, तर ‘तेवढ्यात वापरून खराब केली’ हे उत्तर तयार असतं, आणि कायद्याची नजरही तशीच आहे.

कायदा काय म्हणतो

इथे बरेच जण ग्राहक संरक्षणाचं नाव घेतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम चांगलेच आहेत. त्या नियमांत विक्रेत्याला स्पष्ट बजावलं आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल तर परत घ्यायला नकार देता येणार नाही. पण त्याच नियमांच्या सुरुवातीला एक अपवाद आहे: कुणी व्यक्ती खासगी पातळीवर, धंदा म्हणून नियमितपणे नव्हे, असं काही करत असेल तर हे नियम लागू नाहीत. म्हणजे शेजारच्या काकांनी मुलाचा जुना लॅपटॉप विकला तर त्यांच्याकडून ‘सात दिवसांत परतावा’ मागता येणार नाही. मोठ्या शॉपिंग ॲपची सवय झालेल्यांना हे पचत नाही.

म्हणून विकणाऱ्याचं प्रोफाइल नीट बघा. एकाच माणसाच्या नावावर दहा रॅम, सहा प्रोसेसर, चार मदरबोर्ड विक्रीला असतील, ‘स्टॉक अव्हेलेबल’ लिहिलेलं असेल, तर तो घरचा अडगळीतला माल विकत नाहीये, दुकान चालवतोय. ‘मी खासगी आहे’ हे त्याचं म्हणणं तितकंसं टिकत नाही. अशा वेळी त्या सगळ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

विकणारा खरोखरच खासगी असेल तर मग १९३० चा वस्तू विक्री कायदा आणि १८७२ चा करार कायदा. दोन्ही जुने, पण या वादात नेमके लागू पडणारे.

वस्तू विक्री कायद्याच्या कलम १५ नुसार वर्णन सांगून माल विकला असेल तर तो वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे. विकणारा दुकानदार असो की घरगुती, हे दोघांना लागू. ‘लॅपटॉपची डीडीआर४’ सांगून डेस्कटॉपची पाठवली, ‘एनव्हीएमई’ सांगून साटाची पाठवली, तर हे कलम तुमच्या बाजूचं. कलम १६ मात्र उलट दिशेने जातं. माल तुमच्या विशिष्ट कामाला उपयोगी पडेल याची हमी कायदा आपोआप धरत नाही. अपवाद आहे तो त्या मालाचा धंदा करणाऱ्यासाठी: ग्राहकाने आपलं काम सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर जबाबदारी त्याची. घरगुती विक्रेत्याला तो अपवाद लागत नाही. ‘माझ्या बोर्डाला चालला नाही’ ही तक्रार खासगी माणसाविरुद्ध का टिकत नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

एक फट मात्र राहते. तुम्ही चॅटमध्ये विचारलं होतं, ‘‘माझ्याकडे गिगाबाइटचा एच११० बोर्ड आहे, हा प्रोसेसर चालेल ना?’’ आणि त्याने छातीठोकपणे सांगितलं, ‘‘बिनधास्त चालेल.’’ करार कायद्याच्या कलम १८ नुसार, पुरेशी माहिती नसताना ठामपणे केलेलं चुकीचं विधान हे चुकीची माहिती देणंच आहे, बोलणाऱ्याला ते खरं वाटत असलं तरी. त्यावरून केलेला करार तुम्हाला रद्द करता येऊ शकतो. पण लगेच कलम १९ मधला अपवाद येतो: साधी काळजी घेऊन खरं काय ते तुम्हाला कळलं असतं, तर रद्द करता येत नाही. विकणाऱ्याचा वकील म्हणेल, कंपनीच्या साइटवर यादी आहे, बघायची होती. म्हणून ते ‘बिनधास्त चालेल’ कामाचं आहे ते मुख्यतः तडजोडीच्या वेळी. स्वतःचंच वाक्य समोर आलं की माणूस मऊ होतो.

पुन्हा वस्तू विक्री कायद्याकडे: माल तपासायला वाजवी वेळ मिळणं हा खरेदीदाराचा हक्क आहे, कलम ४१. पण वाजवी मुदतीत नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं, कलम ४२. आणि नाकारलेला माल स्वतः परत नेऊन देण्याची सक्ती खरेदीदारावर नाही, नाकारल्याचं कळवणं पुरेसं आहे, कलम ४३. हे शेवटचं लोकांना माहीत नसतं. अर्थात माल घरात ठेवून ‘कायदा असं म्हणतो’ एवढंच ऐकवत बसलात तर पैसे येणार नाहीत.

‘नो रिटर्न, नो वॉरंटी’ या वाक्याचं वजन किती? बसण्या-न-बसण्याच्या वादात ते तुमच्या विरोधात जातं, कारण तुम्ही ते वाचून पैसे दिलेत. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर मात्र ते ढाल होत नाही.

पोलिसांचं काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, पूर्वीचं ४२०. त्याला सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू लागतो. पैसे घेऊन दगड पाठवला, रिकामं खोकं पाठवलं, पैसे मिळताच नंबर बंद केला, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. पण चालू प्रोसेसर तुमच्या बोर्डाला जुळला नाही म्हणून ठाण्यात गेलात तर हवालदार दोन ओळी ऐकून ‘हा दिवाणी मामला आहे’ असं सांगून परत पाठवेल, आणि ते बरोबरच आहे. तसंच यूपीआयने स्वतः पिन टाकून दिलेले पैसे बँक ‘माल आवडला नाही’ म्हणून परत खेचून देत नाही. खासगी व्यवहारात क्रेडिट कार्डसारखी पैसे परत मागण्याची सोय धरू नका.

रक्कम मोठी असेल, म्हणजे ग्राफिक्स कार्ड किंवा अख्खं मशीन, आणि दोघंही बोलायला तयार असतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीचा मार्ग आहे. त्याला फी नाही. दोन-तीन हजारांसाठी वकिलाची नोटीस काढण्यात मात्र हशील नाही. नोटिशीचाच खर्च वसूल होत नाही.

चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तर जुना जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष अधिनियमात वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या फोनमध्ये मूळ संभाषण आहे तो हाताशी असेल तर ते देणं सोपं जातं.

परत पाठवायचं ठरलं, आता नवा वाद टाळा

परतीला होकार मिळाला की लोक निर्धास्त होतात. दुसरा वाद तिथेच उभा राहतो. विकणारा म्हणतो, ही माझी पट्टीच नाही, बदलली. किंवा, पिना वाकल्यात, मी दिला तेव्हा नीट होता. एलजीए प्रकारात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, त्यामुळे वापरलेला मदरबोर्ड परत करताना ही भीती सगळ्यात मोठी. सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावल्याशिवाय बोर्ड पाठवूच नका.

पार्सल आलं तेव्हा उघडतानाचा व्हिडिओ घेतला असेल तर उत्तम. एका दमात, पत्त्याच्या लेबलपासून सीरियल नंबरपर्यंत, मधे न थांबवता. परत पाठवतानाही तसाच. सीरियल नंबरचा फोटो पाठवण्याआधीच विकणाऱ्याला द्या आणि ‘हाच आहे ना’ यावर त्याचा होकार घ्या. रॅम आणि कार्डं साध्या पिशवीत गुंडाळून पाठवू नका, अँटीस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारी) पिशवी लागते, ती कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडे पडलेली असते. दुकानदारांना विचारा, फुकट देतात. लॅपटॉपची सुटी बॅटरी पाठवायची असेल तर आधी कुरिअरला विचारा, बरेच जण घेत नाहीत. स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंग नंबर लगेच समोरच्याला पाठवा.

एकाच शहरात असाल तर हे सगळं सोडा आणि समोरासमोर भेटा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड अशा ठिकाणी एखाद्या दुकानात थोडे पैसे देऊन दोघांसमोर वस्तू लावून बघता येते. तिसऱ्याच्या टेबलावर चालली किंवा नाही चालली की कुणी वाद घालत नाही.

आणि परताव्याच्या नावाखाली क्यूआर कोड आला तर तो स्कॅन करू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. ‘रिफंड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हटलं की वाद संपला आणि चोरी सुरू झाली असं समजून तिथेच थांबा. असे मेसेज कधी कधी मूळ विक्रेत्याकडून येतही नाहीत. तुम्ही कुठेतरी जाहीर तक्रार लिहिलेली वाचून तिसराच कुणी ‘कस्टमर केअर’ होऊन फोन करतो.

परत घेतच नसेल तर

तिसऱ्या प्रकारची तक्रार असेल, विकणारा खासगी आणि सरळ असेल, आणि नाहीच म्हणत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: विकून मोकळे व्हा. तुमच्याकडे न चालणारी वस्तू निकामी नाही. ती सर्व्हरची रॅम झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा) प्रोसेसर असलेले एक्स९९ बोर्ड वापरणाऱ्यांना हवीच असते. एएक्स२०१ कार्ड दहाव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवाल्याला लागतं. आठव्या पिढीच्या प्रोसेसरला तर गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. दोन-तीनशे रुपये तोटा होईल, तो सोसा. विकणाऱ्याला एवढंच म्हणा की तुमची जाहिरात पुन्हा लावा, कुणी आलं तर माझ्याकडे पाठवा. याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

अर्धे पैसे परत घेऊन वस्तू ठेवून घेणं हाही मार्ग आहे, पण तो खराब वस्तूसाठी नव्हे. खराब वस्तू पुढे विकायची असेल तर मग तुम्हीच तो विक्रेता होता, ज्याच्याशी कुणीतरी भांडतं.

विकणाऱ्यांपैकी कुणी वाचत असेल तर जाहिरातीत एवढं लिहावं, नमुना देतो: ‘‘१६ जीबी डीडीआर४ लॅपटॉप रॅम, लेबलचा फोटो तिसरा बघा. माझ्या अमुक मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये चालू होती, दुसऱ्या मशीनला चालेल की नाही ते तुम्ही मॅन्युअलमध्ये तपासा. चालू नसेल तर तीन दिवसांत परत, जुळली नाही तर परत नाही.’’ यातलं शेवटचं वाक्य दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवतं, म्हणून ते जसंच्या तसं उचला. आणि घेणाऱ्याने पैसे पाठवण्याआधी त्या जाहिरातीखाली फक्त आपल्या मशीनचं पूर्ण मॉडेल आणि बोर्डाचं नाव लिहून ‘याला चालेल का’ असं विचारावं. फोनवर नव्हे, लिहून.